टाकून दिलेले मूळ

गच्चीवरून चेंडू सरळ वर फेकला. गच्चीची उंची १५ मीटर, फेकण्याचा वेग सेकंदाला १० मीटर. चेंडू जमिनीवर केव्हा पडेल? गणित नेहमीचेच. गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरले आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर 'क' सेकंदांनंतर चेंडूची जमिनीपासूनची उंची १५ + १०क − ५क² मीटर असते. जमिनीवर ती शून्य. −५ ने भागले की क² − २क − ३ = ०. अवयव पाडले की क = ३ किंवा क = −१.

इथे फळ्यावर एक वाक्य हमखास येते : 'काळ ऋण असू शकत नाही, म्हणून −१ हे मूळ त्याज्य.' मीही विद्यार्थी असताना ते निमूटपणे उतरवून घेतले होते. हे कारण चुकीचे आहे. दुपारी बारापासून मिनिटे मोजायची ठरवली, तर पावणेबारा म्हणजे −१५ मिनिटे. त्यात अशक्य काय? −१ सेकंद म्हणजे चेंडू हातातून सुटण्याच्या एक सेकंद आधीचा क्षण. तेव्हा चेंडू आपल्या हातात होता. पण समीकरणाला ना आपला हात ठाऊक, ना गच्ची. ते एवढेच सांगते, की चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून योग्य वेगाने निघाला असता, तर गच्चीपाशी तो नेमका याच वेगाने पोचला असता. पडताळा पाहा. वेग १० − १०क; क = −१ ठेवल्यास २०. या वेगाने निघालेला चेंडू एका सेकंदात २० − ५ = १५ मीटर चढतो आणि त्याचा वेग १० उरतो. −१ सोडायचे ते समीकरण चेंडू सुटल्यानंतरच लागू आहे म्हणून.

पुढे खरी गंमत आहे. हाच चेंडू १० च्याच वेगाने सरळ खाली फेकला तर? समीकरण होते क² + २क − ३ = ०; मुळे १ आणि −३. तीच मुळे, फक्त चिन्हे बदललेली! (वर फेकलेला चेंडू २ सेकंदांनी गच्चीच्या पातळीला येतो, तोही १० च्याच वेगाने खाली जात. उरलेला १ सेकंद दोघांचा सारखा.)

आता वर्गात उंची बदलून पाहावी. २० मीटरवर चेंडू केव्हा? दोन्ही मुळे १, ते शिखर. २५ मीटरवर? विवेचक ऋण, चेंडू तिथवर पोचतच नाही. १८.७५ मीटरवर मात्र अर्ध्या सेकंदाला आणि दीड सेकंदाला, एकदा चढताना, एकदा उतरताना. दोन्ही मुळे धन. यातले कोणते टाकायचे, हे मुलांनाच विचारावे.