मर्द रडत नाही?

रिद्धपुरात महदंबेने तेराव्या शतकात धवळे रचले. बाईचा आवाज इथे जुना आहे. तरी वऱ्हाडात आजही मुलाला ‘मर्द रडत नाही’ आणि मुलीला ‘सहन कर’ हेच शिकवले जाते. नापिकीचे कर्ज शेतकरी मनातच ठेवतो. तो गेला की बेवा घर आणि कर्ज दोन्ही ओढते. २०२२ मध्ये देशातील दर दहा आत्महत्यांपैकी सुमारे सात पुरुषांच्या होत्या.

पुत्र इब्राहीमच्या निधनावेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. मग अब्बांच्या रडण्यात कमीपणा कसला? अम्मीची झोप उडाली, अन्न गोड लागेना, तर ‘बायकांचे असेच असते’ म्हणू नका. ‘टेलिमानस’च्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते.