शर्यतीची छोटी होडी आणि तिचा लवचिक शाफ्ट

परभणी जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांतील चारठाणा हें आमचें गांव. जुनीं देवळें आणि एक उंच दगडी स्तंभ यांसाठीं तें ओळखलें जातें, होड्यांसाठीं नव्हे. पूर्णेवरील येलदरीचा जलाशय तालुक्यांत आहे खरा, पण आमच्या शिवारांत हल्लीं सांठलेलें पाणी पाहावयाचें तें शेततळ्यांत. अशा गांवच्या निवृत्त मास्तरानें होडीच्या यंत्रावर बोलावें हें आपणांस चमत्कारिक वाटेल. त्याचें कारण माझा नातू.

तो पुण्यास शिकतो. वर्षभर खाऊचे पैसे सांठवून त्यानें सुमारें दोन हात लांबीची, विजेच्या मोटरीवर पळणारी शर्यतीची होडी स्वतः बांधली, आणि दिवाळीच्या सुट्टींत ती शेततळ्यावर चालवून पाहण्यासाठीं घेऊन आला. जानेवारींत मित्रांमध्यें शर्यत ठरली होती. पुढें काय झालें तें सांगतोंच. आधीं यंत्र समजून घेऊं.

होडीची मोटर पोटांत असते आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर, मागें पाण्यांत. दोहोंना जोडणारा दांडा म्हणजे शाफ्ट. तो सरळ पोलादी असेल तर मोटरीपासून निघून होडीचा तळ भेदून तिरपाच खालीं उतरणार, आणि पंख्याचा रेटाहि त्याच तिरप्या रेषेंत लागणार. समजा, हा तिरकसपणा दहा अंशांचा आहे. पुढें ढकलणारा रेटा शेंकडा दीडच कमी होतो. तेवढ्यानें बिघडत नाहीं. परंतु एकंदर रेट्याच्या शेंकडा सतरा इतका जोर वरच्या दिशेनें लागतो. तो शेपूट उचलतो आणि नाक पाण्यांत दाबतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेंत मुलें जहाजांच्या ज्या प्रतिकृति करतात, त्यांसारख्या संथ बोटीला याची तमा नसते. शर्यतीच्या होडीची गोष्ट निराळी. ती पाणी कापीत नाहीं, पाण्यावरून घसरत जाते, आणि तिचा पंखा निम्मा पाण्याबाहेर राहून फिरतो. तिथें रेटा जवळजवळ आडवा हवा.

म्हणून मोटरीपासून निघालेली वाट थोडी खालीं वळवून शेवटीं आडवी करावयाची, आणि त्या वांकड्या वाटेंतून फेरे पोंचवावयाचे. हें काम लवचिक शाफ्ट करतो. बारीक पोलादी तारांचे थर एकावर एक गुंडाळून तो बनवितात. एक थर उजव्या पिळाचा, तर त्यावरचा डाव्या. ही कल्पना जुनी आहे. वाफेच्या घणामुळें प्रसिद्ध झालेल्या जेम्स नॅस्मिथनें १८२९ सालींच तारेच्या गुंडाळीचा असा शाफ्ट योजिला होता. आपल्याहि ती ओळखीची आहे. जुन्या बजाज चेतकच्या वेगदर्शक कांट्याला चाकाचे फेरे अशाच तारेंतून पोंचत. माझ्या स्कूटरची ती तार कोरडी पडली कीं चिमणीसारखी ओरडे. स्लॅब टाकतांना गवंडी जो व्हायब्रेटर काँक्रीटमध्यें बुडवितात, त्याच्या काळ्या नळींतहि लवचिक शाफ्टच फिरत असतो.

एवढी बारीक तार एवढी शक्ति कशी सोसते, असें कोणी विचारील. होडीच्या शाफ्टची जाडी बहुधा चार-पांच मिलिमीटर. पण शक्ति म्हणजे पीळ गुणिले वेग. मोटर हजार वॅटची असून मिनिटास तीस हजार फेरे घेत असेल, तर शाफ्टवर पडणारा पीळ एक सेंटिमीटर लांबीच्या दांडीस सव्वातीन किलो वजन टांगावें एवढाच भरतो. तेच फेरे तीन हजारांवर आणले तर पीळ दसपट होईल आणि तार टिकणार नाहीं.

शाफ्ट पितळी नळींतून जातो. आंत पुष्कळदां टेफ्लॉनचें अस्तर असतें. पुढचें टोंक मोटरीच्या पकडींत आवळतात. मागच्या टोंकाला सरळ पोलादी दांडा डाख देऊन जोडलेला असतो. तो होडीच्या मागें असलेल्या आधाराच्या भोंकांतून बाहेर येतो आणि त्यावर आधीं एक कडें व मग पंखा बसतो.

आतां माझी चूक. त्या कड्यांत आणि आधारांत नातवानें सुमारें तीन मिलिमीटर फट सोडली होती. मास्तरकीची संवय! मीं म्हटलें, "ही फट काय म्हणून? काम कसें नेटकें हवें." तो म्हणाला, "आजोबा, ती राहूं द्यावी लागते." कां, तें त्याला नीट सांगतां आलें नाहीं, आणि ज्याला कारण सांगतां येत नाहीं त्याचें उत्तर चूक, असें मानण्यांत माझी उभी हयात गेलेली. त्यानें मुकाट्यानें शाफ्ट पुढें सरकवून फट बुजविली.

होडी तळ्यांत सुटली. दोन फेऱ्या झोकांत झाल्या, तिसरींत कर्कश आवाज झाला, आणि मधोमध ती धूर सोडीत थांबली. मोटर जळाली. जानेवारीची शर्यत त्यानें कांठावरून पाहिली.

कारण मला रात्रीं अंथरुणावर सुचलें. नागपंचमीला मुलें झोपाळ्यावर बसून दोरांना पीळ घालतात, तेव्हां पाट वर उचलला जातो. पीळ बसला कीं दोर आंखूड होतो. लवचिक शाफ्टचेंहि तेंच. भार पडतांच तारा आवळतात, शाफ्ट आंखडतो आणि पंख्याजवळचें कडें पुढें ओढलें जातें. फट असली तर तें मोकळें राहतें. नसली तर आधारावर घांसतें, तापतें, आणि सगळा बोजा मोटरीवर येतो. सकाळीं उठून मीं त्याला हें सांगितलें व चूक माझी असल्याचें कबूल केलें. नव्या मोटरीचे पैसे अर्थात् मींच दिले.

याच कारणानें बाहेरच्या थराचा पीळ पंख्याच्या दिशेशीं जुळणारा हवा. पुढें जातांना तो आवळला गेला पाहिजे. उलट असेल तर तारा उसवतात. अशी होडी जोरानें मागें घेऊं नये, तेंहि यासाठींच.

राहतां राहिली निगा. नळींत पाणी शिरतेंच. प्रत्येक खेळानंतर शाफ्ट बाहेर ओढून पुसावा, तार तुटली आहे का तें बोट न फिरवितां कापडानें पाहावें, कारण तुटकी तार सुईसारखी शिरते. मग पाण्यांत न टिकणारें साधें तेल नव्हे, तर चिकट ग्रीस लावून तो परत घालावा. परत घालतांना फट मोजावी. आमच्याकडे त्यासाठीं दोन नाणीं एकावर एक ठेवून मधें धरतात, शाफ्ट आवळतात आणि मग नाणीं काढून घेतात.