रात्रीची ई गाडी

रात्री साडेअकराला माझी पाळी संपते. पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देऊन, कपडे बदलून निघेपर्यंत साडेबारा होतात. न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन ॲव्हेन्यू–५३ स्ट्रीट स्थानकाच्या लांबलचक सरकत्या जिन्यानं मी खाली उतरते, तेव्हा वरचा रस्ता सामसूम झालेला असतो. खाली मात्र माणसं असतात. कुणी हॉटेलातली भांडी घासून आलेलं, कुणी ऑफिसांची झाडलोट करून. सगळ्यांना क्वीन्सला जाणारी ई गाडी हवी असते.

मुंबईत नोकरी करत होते तेव्हा शेवटची लोकल चुकली, की पहाटे चारपर्यंत वॉर्डातच बसून राहायचं. इथली सबवे २७ ऑक्टोबर १९०४ला सुरू झाली, आणि ती रात्रभर धावते. हे जमतं, कारण मोठ्या मार्गांवर दोन नव्हे, चार ट्रॅक आहेत, आपल्या फास्ट-स्लोसारखे. एकावर काम काढलं तर गाडी शेजारच्या ट्रॅकवरून नेता येते. दुपारी ड्यूटीला जाताना माझी ई गाडी फास्ट असते, क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सनंतर तिसरं स्थानक माझं. रात्री तीच गाडी स्लो होते आणि मधली पाच स्थानकं जास्तीची घेते. चुकली तर पुढची वीसेक मिनिटांनी. आठ तास उभं राहून पाय भरून आलेले असतात, तेव्हा ती वीस मिनिटं सरता सरत नाहीत.

जी रेल्वे कधी थांबतच नाही, तिची दुरुस्ती करायची कधी? रात्री आणि शनिवार-रविवारी. एका रविवारी भिंतीवरची सूचना न वाचताच मी गाडीत चढले. त्या दिवशी ई गाडी एफ या दुसऱ्या गाडीच्या बोगद्यातून वळवली होती. डोळा लागला होता, जाग आली ती रूझवेल्ट आयलंडला. मला पंचवीस मिनिटं उशीर झाला आणि तेवढा वेळ आधीच्या पाळीची मुलगी ताटकळली. याचं मला अजून वाईट वाटतं.

उन्हाळ्यात डबा गार असतो, पण गाडीचे एसी गरम हवा बोगद्यातच सोडतात, त्यामुळं फलाटावर भट्टी पेटल्यासारखं होतं. तेही सोसता येतं. सोसवत नाही ते दुसरंच. ४७२ स्थानकांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी चाकाच्या खुर्चीला वाट नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला घरी सोडताना मी आधी विचारते, तुमच्या स्थानकाला लिफ्ट आहे ना? पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असंच येतं.

तरी या गाडीची किंमत मला कळली ती कोरोनात. ६ मे २०२०पासून साफसफाईसाठी सबवे रात्री एक ते पाच प्रवाशांसाठी बंद ठेवू लागले. आमच्या पाळ्या लांबून तीन-तीन वाजायचे. बसच्या थांब्यावर एकटीनं उभं राहताना शहर आजारी आहे हे जास्त जाणवायचं. १७ मे २०२१ला सबवे पुन्हा चोवीस तास खुली झाली.

तुमची मुलगी इकडं शिकायला येणार असेल, तर तिला सांगा: शनिवार-रविवारी बाहेर पडण्याआधी सूचना वाच. रात्री उशीर झाला तर फलाटाच्या मध्यावर, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या फळीपाशी उभी राहा. गाडी थांबली की कंडक्टर खिडकीतून त्या फळीकडं बोट दाखवतो आणि मगच दारं उघडतो. त्याच डब्यात चढ.