हाताच्या मापाची काठी

आमचे मामा कर्ली खाडीच्या काठी राहतात. लहानपणी सुट्टीत गेलं की ते आम्हाला गरवायला न्यायचे. चिवारीची काठी, टोकाला तंगूस, शिशाचा तुकडा आणि गरी, एवढाच सरंजाम. पुढे नोकरी लागल्यावर मी त्यांना रीळ लावलेला रॉड नेऊन दिला आणि मामा त्यावर वीसेक वर्षं मासे धरत राहिले. मग एक दिवस त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उपचार वेळेवर झाले, चालणं-बोलणं सुधारलं, पण डाव्या हाताची पकड परत आली नाही. मी हौसेनं दुकानातून एक नवा, हलका रॉड घेऊन गेलो. मामांनी तो हातात घेतला, दोनदा हलवला आणि बाजूला ठेवत म्हणाले, "ही काठी माका वळखणा नाय."

मला आधी वाईट वाटलं, मग त्यांचं बोलणं पटलं. दुकानातला रॉड हा तयार कपड्यांसारखा असतो. तो सर्वांच्या मापाचा असतो, म्हणूनच नेमका कुणाच्याच मापाचा नसतो. शिंपी जसं अंगाचं माप घेऊन शिवतो, तसा हाताचं माप घेऊन रॉड बांधता येईल का? येतो. तो घरी, जेवणाच्या टेबलावर बांधता येतो. अमेरिका, इंग्लंड, जपान या देशांत हा छंद हजारो लोक जोपासतात. मी तो कसा शिकलो आणि कुठे कुठे चुकलो, ते आज सांगणार आहे.

मुळात मासेमारीचा रॉड करतो काय? तो तीन कामं करतो. आमिष लांब फेकतो, ही चाबकाची कामगिरी. मासा लागला की त्याचे हिसके वाकून सोसतो आणि दोरा तुटू देत नाही, ही स्प्रिंगची कामगिरी. आणि माशाला ओढून आणतो, ही तरफेची. या तिन्ही कामांसाठी लवचिक, हलकी आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी काठी लागते. निसर्गात अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे बांबू.

यात आपल्या अभिमानाचाही एक धागा आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी नावाचा बंदुका बनवणारा कारागीर होता. बांबूच्या लांब, अरुंद पट्ट्या काढून त्या एकमेकींना चिकटवून रॉड बनवण्याच्या कलेचा तो एक आद्य प्रवर्तक मानला जातो. पुढे सहा पट्ट्यांचा षट्कोनी रॉड रूढ झाला. या सुरुवातीच्या रॉडसाठी वापरला जाणारा बांबू हिंदुस्थानातून, कलकत्त्याच्या बंदरातून जायचा, म्हणून त्याचं नावच 'कलकत्ता केन' पडलं. तो बहुधा आपल्याकडे ज्याला मानवेल म्हणतात तो, म्हणजे ज्याच्या आपण लाठ्या करतो तो जवळजवळ भरीव बांबू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या टाँकिन बांबूनं त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला आणि तो पुरवठाही थांबला. तोवर काचतंतूचे, म्हणजे फायबरग्लासचे रॉड आलेच होते. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात मजबूत कार्बन तंतू तयार करण्याची पद्धत विकसित झाली आणि १९७३ मध्ये फेनविक या अमेरिकन कंपनीनं कार्बनचे रॉड बाजारात आणले. विमानासाठी शोधलेली वस्तू अशी गरवणाऱ्याच्या हातात आली.

घरी रॉड बांधणारा माणूस ही कार्बनची काठी स्वतः करत नाही. तो तयार नळी विकत घेतो. तिला 'ब्लँक' म्हणतात. पोलादाच्या निमुळत्या सळईवर राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड गुंडाळतात, वरून पट्टी आवळतात, भट्टीत भाजतात आणि सळई काढून घेतात. उरते ती पोकळ, निमुळती नळी. तिला मूठ नसते, कड्या नसतात, काहीच नसतं. आपल्याकडे ती नेहमीच्या दुकानात सहसा मिळत नाही, मागवावी लागते. पण पहिल्या प्रयोगासाठी मागवूही नका. घरात एखादा कड्या तुटलेला जुना रॉड असेल, तर तो सोलून पुन्हा बांधा. हात बसेल, पैसे वाचतील.

ब्लँक निवडताना दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. एक त्याची ताकद, म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. दुसरी वाकण, म्हणजे तो कुठे वाकतो. काही ब्लँक फक्त टोकाच्या तिसऱ्या हिश्शात वाकतात, काही पार मुठीपर्यंत. टोकाशी वाकणारा रॉड माशाचा स्पर्श चटकन कळवतो, पण झटक्यानं फेकलं तर गरीवरची कोळंबी निसटून जाते. मामा जिवंत कोळंबी लावून तांबोशी आणि चोणक धरणारे. चोणक म्हणजे मुंबईकडचा जिताडा. मी त्यांच्यासाठी मधल्या ताकदीचा, मध्यापर्यंत वाकणारा सात फुटी ब्लँक घेतला.

आता पहिलं काम बांधण्याचं नाही, तर वाकवून पाहण्याचं. ब्लँकचं जाड टोक गुळगुळीत फरशीवर टेकवा, बारीक टोक एका तळहातावर सैल धरा आणि दुसऱ्या हातानं मध्ये हलकेच दाबा. नळी आपोआप गरगर फिरते आणि एका जागी स्थिरावते. कापड गुंडाळताना ते कुठेतरी एकावर एक येतं, तिथे नळी थोडी अधिक ताठ होते, म्हणून हे घडतं. त्याला ब्लँकचा कणा म्हणतात. कड्या या कण्याच्या हिशोबानंच लावल्या पाहिजेत, असं जुने कारागीर सांगत. आज बरेच जण म्हणतात की आधी ब्लँक कुठल्या बाजूनं सर्वांत सरळ दिसतो ते पाहा. माझा अनुभव असा, की कण्यापेक्षा कड्यांची जागा महत्त्वाची. रीळ आणि कड्या खाली लोंबणाऱ्या असतील तर दोरा त्यांना खालीच ओढतो, त्यामुळे रॉड हातात पिळत नाही.

दुसरं काम मुठीचं, आणि इथेच हाताचं माप येतं. मामांचा उजवा हात चांगला, डावा दुबळा. म्हणजे फेकणार उजव्यानं, आणि रीळही फिरवणार उजव्यानंच. मग रीळ फिरवताना रॉड धरणार कोण? उत्तर सोपं निघालं. काखेनं धरायचा. मी मामांना खुर्चीवर बसवलं, बोरूच्या काडीऐवजी झाडूची दांडी त्यांच्या डाव्या काखेत दिली आणि खडूनं खुणा केल्या. मूठ मागे किती लांब हवी, डाव्या हाताची बोटं कुठे टेकतील, उजव्या हाताला रीळ किती अंतरावर सापडेल. बहुतेक साध्या रिळांची दांडी डावीकडून काढून उजवीकडे लावता येते, तीही फिरवून घेतली. पुढची मूठ मुद्दाम जाड केली, कारण दुबळ्या हाताला बारीक दांडा आवळणं जड जातं, जाड दांड्यावर बोटं नुसती टेकली तरी पुरतं.

मूठ कॉर्कची करतात किंवा दाट फोमची. खाऱ्या पाण्यासाठी फोम बरा, धुतला की झालं. रीळ बसवायची बैठक ब्लँकपेक्षा रुंद असते. मधली पोकळी भरायला चिकटपट्टीचे वेढे देतात आणि मग दोन भागांच्या इपॉक्सीनं बैठक पक्की करतात. वेढ्यांमध्ये थोडी फट ठेवायची, म्हणजे इपॉक्सी ब्लँकपर्यंत पोचते. नाहीतर वर्षभरात बैठक खुळखुळू लागते.

तिसरं काम कड्या लावण्याचं. धातूच्या चौकटीत गुळगुळीत चिनी मातीसारखं कडं बसवलेलं असतं, त्यातून दोरा जातो. साधारण हिशोब असा, की रॉड जितके फूट, तितक्या कड्या आणि शिवाय टोकाची एक. रिळाजवळची सर्वांत मोठी, कारण दोरा रिळातून वेटोळी घेत सुटतो आणि त्या वेटोळ्यांना आवर घालावा लागतो. पुढे त्या लहान होत जातात. टोकाजवळ दोन कड्यांत चारेक इंच अंतर, मग ते हळूहळू वाढतं. पण कागदावरच्या मापावर विसंबू नका. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे करून त्यांनी कड्या तात्पुरत्या अडकवा, दोरा ओवा, टोक दाराच्या कडीला बांधा आणि रॉड चांगला वाकवा. दोरा रॉडच्या बाकाला धरून गेला पाहिजे. कुठे तो ब्लँकला घासत असेल, तर तिथली कडी सरकवा किंवा एक वाढवा. मात्र उगाच वाढवू नका. टोकाकडचं गुंजभर वजनही मुठीशी जड वाटतं, आणि ज्याचा हात दुबळा त्याला तर फारच.

टोकाच्या कडीबाबत माझी एक चूक सांगतो. पहिल्या रॉडवर मी ती इपॉक्सीनं पक्की चिकटवली. वर्षभरात खडकावर आपटून तिचं कडं तडकलं, दोरा कापला जाऊ लागला, आणि ती काढायला गेलो तर ब्लँकचं टोकच हातात आलं. ही कडी नेहमी गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदानं लावतात, म्हणजे बदलायची वेळ आली की थोडी ऊब दिली, की निघते.

आता राहिलं दोरा गुंडाळणं. हे काम संध्याकाळचं, निवांतपणे करण्याचं. पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर दोन खाचा पाडल्या की रॉड ठेवायला घोडी तयार होते. दोऱ्याचं रीळ कपात ठेवायचं आणि दोरा एका जाड शब्दकोशाच्या पानांमधून ओढून घ्यायचा, म्हणजे तो ताठ राहतो. कडीचे पाय कानशीनं घासून धारेसारखे पातळ करायचे, नाहीतर दोरा त्यावर चढताना फट पडते. ब्लँकवरून सुरुवात करून कडीच्या दिशेनं, वेढ्याला वेढा लावत जायचं. शेवटचे सात-आठ वेढे उरले की दुमडलेल्या दोऱ्याचा एक फास खाली ठेवायचा, वरून वेढे पूर्ण करायचे, टोक कापून त्या फासात ओवायचं आणि फास ओढून घ्यायचा. गाठ कुठेच दिसत नाही. शिवणाचा सुती दोरा वापरू नका, त्याचे तंतू उभे राहतात. नायलॉनचा हवा.

वरून पारदर्शक इपॉक्सीचा थर द्यायचा. दोन्ही भाग वेगवेगळ्या सिरिंजनं अगदी समान मोजायचे. अंदाजानं ओतलं तर थर कायमचा चिकट राहतो. थर लावल्यावर रॉड काही तास सावकाश फिरत राहिला पाहिजे, नाहीतर इपॉक्सी खाली ओघळून थेंब गोठतो. त्यासाठी खास यंत्र मिळतं, पण मी लॅमिंग्टन रोडवरून मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी छोटी मोटर आणली. मिनिटाला पाच-सहा फेरे, नेमके हवे तेवढे.

आणि इथे दुसरी चूक. पहिला रॉड मी ऐन जुलैत पुरा केला. सकाळी पाहतो तर थर दुधाळ आणि तेलकट! मला वाटलं माप चुकलं. तसं नव्हतं. इपॉक्सीतला घट्ट करणारा भाग हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि वर साय धरते. साबणाच्या पाण्यानं पुसून, हलकेच घासून, कोरड्या दिवशी पुन्हा थर दिला तेव्हा ते निस्तरलं. तेव्हापासून माझा हा उद्योग दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीला संपतो.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. ब्लँक कापताना किंवा घासताना नाकाला मास्क हवा, कार्बनची धूळ वाईट. इपॉक्सीला हातमोजे हवेत, काहींच्या त्वचेला ती सोसत नाही. आणि बांधून झाल्यावरची सर्वांत मोठी गोष्ट ही, की कार्बनमधून वीज वाहते. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे रॉड उभारू नका, आणि ढग गडगडू लागले की तो खाली ठेवून घरी या. चिवारीच्या काठीनं ही भीती कधी घातली नव्हती.

मामांचा रॉड मी जानेवारीत घेऊन गेलो. आम्ही सकाळी भरतीला धक्क्यावर बसलो. मामांनी उजव्या हातानं कोळंबी टाकली, पूर्वीइतकी लांब नाही, पण पुरेशी. मग रॉड काखेत घेतला आणि डावी बोटं जाड मुठीवर टेकवली. दोन तासांत एक तांबोशी लागली, तळहाताएवढी. ती त्यांनी मला हात न लावू देता वर घेतली आणि पाहून परत पाण्यात सोडली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. शाबासकीची वाट पाहत होतो म्हणा ना!

मामा म्हणाले, "फेकताना मागचा टोक कोपराक लागता. दोन बोटां कमी कर."

सुदैवानं हे मला अपेक्षित होतं. ब्लँक टोकाकडून कापला तर त्याची सगळी वाकणच बदलते, पण मुठीच्या मागून दोन बोटं कापली तर काही बिघडत नाही. म्हणून मागचं बूच मी पक्कं चिकटवलेलं नव्हतं. दुपारी अंगणात बसून करवतीनं दोन बोटं कमी केली, कड घासली, बूच बसवलं. मामांनी रॉड काखेत घेऊन पाहिला आणि काही न बोलता तो आत नेऊन खुंटीला लावला, जिथे पूर्वी त्यांची चिवारीची काठी असायची.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)