बेवड आणि मातीतले सूक्ष्मजीव

आधीच्या पिकाचा जो परिणाम जमिनीत मागे उरतो त्याला शेतकरी बेवड म्हणतात. तो बराचसा मुळांभोवतीच्या जिवाणू-बुरशींमुळे घडत असल्याने फेरपालटीचे मोजमाप पिकाच्या नावापेक्षा मुळावरून करणे योग्य ठरते.

भाजी बदलली की फेरपालट झाली, हा समज मुंबईच्या उपनगरांत रुळांलगतच्या वाफ्यांकडे पाहिल्यास टिकत नाही. रेल्वेच्या ‘ग्रो मोअर फूड’ योजनेतून लागवडीखाली आलेल्या या पट्ट्यांत पालक, माठ, मुळा आणि भेंडी पिकत आली. त्यांपैकी पालक व माठ राजगिऱ्याच्या कुळातले, तर मुळा मोहरीच्या. आणि या दोन्ही कुळांतील वनस्पती मायकोरायझाला, म्हणजे मुळात शिरून साखरेच्या मोबदल्यात दूरच्या मातीतला स्फुरद पुरवणाऱ्या बुरशीला, सहसा थारा देत नाहीत. त्यामुळे ही तीनच पिके कितीही आलटून-पालटून लावली तरी ती बुरशी उपाशीच राहते. खरा बदल घडतो तो भेंडीमुळे, कारण तिच्या मुळांत ही बुरशी नांदते. अर्थात मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीही भेंडीवर तितक्याच आनंदाने पोसतात.

द्विदल पीक शेजारच्या पिकाला नत्र वाटते, ही समजूत अर्धवट खरी आहे. गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात खरे, परंतु त्याचा मोठा वाटा त्याच पिकाच्या दाण्यांत जातो, आणि इतरांना जे मिळते ते मुख्यतः मुळे व पाला कुजल्यावर. म्हणून कोकणात भातानंतर उरलेल्या ओलीवर घेतलेला वाल मुळासकट उपटून नेला, तर बेवड लंगडाच राहतो. तरीही या जोडीचा एक लाभ उरतो: पाणी ओसरून मातीत हवा खेळू लागली की चिखलात मिथेन सोडणारे सूक्ष्मजीव मंदावतात आणि हवेवर जगणारे पुढे सरसावतात.

फेरपालटीने सूक्ष्मजीवांच्या केवळ जाती वाढतात असेही नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 122 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात एकाच पिकाच्या तुलनेत सूक्ष्मजीवांच्या शरीरांतील कर्ब सरासरी सुमारे 21 टक्के अधिक आढळला; हे त्यांच्या वस्तुमानाचे माप आहे, विविधतेचे नव्हे.

मिश्र लागवडीत झेंडूची एक ओळ सूत्रकृमी हटवते, हा विश्वासही अतिरेकी आहे, कारण झेंडूचा प्रभाव त्याच्या मुळांलगतच्या मातीपुरता असतो. वाफा स्वच्छ करायचा तर काही महिने तिथे सलग झेंडूच लावावा लागतो.