निंबोळीचा अर्क व द्रावकाची निवड

निंबोळीचा अर्क पिकावर फवारण्याची रीत आतां बहुतेक शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. परंतु हा अर्क थंड पाण्यांतच कां काढावयाचा, कढवून कां नाहीं, व पाण्याऐवजीं दुसरा एखादा द्रव घेतल्यास काय होईल, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आम्हींही केला नव्हता. कांहीं वर्षांपूर्वीं पांच किलो निंबोळीचा चुरा आम्हीं तासभर चुलीवर चांगला रटरटविला व तो काढा हरभऱ्यावर मारला. वासावरून तर तो फार जालीम वाटला. घाटेअळीनें मात्र त्याची दखलही घेतली नाहीं, आणि त्या सालीं अर्धेअधिक घाटे पोकळ निघाले. चूक कोठें झाली हें पुढें प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या आमच्या एका आप्तानें समजावून दिलें. तेंच येथें देत आहों.

एखाद्या वस्तूंतून हवें तें द्रव्य विरघळवून बाहेर काढणाऱ्या द्रवास द्रावक म्हणतात. त्याच्या निवडीचा पहिला नियम असा कीं, समानधर्मी वस्तु समानधर्मी द्रवांत विरघळते. साखर पाण्यांत विरघळते, तेल विरघळत नाहीं. उलट, पेट्रोलच्या जातीचा हेक्झेन नांवाचा द्रव आहे, त्यांत तेल तत्काळ मिसळतें, पण साखर तळाशीं तशीच पडून राहते. मद्यार्काचा स्वभाव या दोहोंच्या मधला. हळदीचा पिवळा रंग, ज्यास कर्क्युमिन म्हणतात, तो पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. पाणी पिवळें दिसतें तें तरंगणाऱ्या बारीक कणांमुळें. मद्यार्कांत तो सहज उतरतो. म्हणूनच हळदीचा कस पाहतांना ती मद्यार्कांत घालून त्या द्रावणाच्या पिवळेपणाची तीव्रता यंत्रानें मोजतात. येथें पाणी वापरलें तर उत्तम हळदही निकस ठरावयाची!

दुसरा नियम असा कीं, द्रावकानें हवें तें घ्यावें व नको तें सोडावें. निंबोळींत तेल पुष्कळ असतें, पण किडीस खाणें सोडावयास लावणारें मुख्य द्रव्य तेल नव्हे. तें अ‍ॅझाडिरॅक्टिन होय. बटरवर्थ व मॉर्गन या दोघां शास्त्रज्ञांनीं तें १९६८ सालीं वेगळें केलें. प्रयोगशाळेंत आधीं हेक्झेननें तेल काढून घेतात. हेक्झेन या द्रव्यास फारसा शिवत नाहीं. मग राहिलेला चोथा मिथिल मद्यार्कांत भिजविला म्हणजे तें द्रव्य त्यांत उतरतें. पाण्यांत तें थोडेंच विरघळतें, लिटरास सुमारें पाव ग्रॅम. परंतु फवारणीस तें इतकें थोडें लागतें कीं, आपलें काम पाण्यानें भागतें.

थोडें विरघळतें म्हणूनच एक युक्ति ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. समजा, १०० मिलिलिटर पाण्यांत १२ ग्रॅम द्रव्य आहे, व पाण्यांत न मिसळणारा एक द्रावक तें पाण्याच्या दुप्पट सामावून घेतो. तो १०० मिलिलिटर एकदम घालून हलविला तर ८ ग्रॅम निघून ४ मागें राहतात. तोच ५०-५० असा दोन वेळां घातला तर पहिल्यानें ६ उरतात व दुसऱ्यानें ३. द्रावक तेवढाच, पण लाभ अधिक. आम्ही आतां चोथा एकदां पिळून टाकून देत नाहीं. थोडें थोडें पाणी घालून तीनदां चोळून पिळतों.

तिसरी गोष्ट उष्णतेची. द्रावक पुढें उडवून लावावयाचा असतो, म्हणून तो लवकर उकळणारा असावा. ईथर ३५ अंशांस, मिथिल मद्यार्क ६५ अंशांस, हेक्झेन ६९ अंशांस उकळतो. पाण्यास १०० लागतात. अ‍ॅझाडिरॅक्टिन उष्णतेनें, कडक उन्हानें व खारानें मोडतें. आमच्या काढ्याचें काय झालें असेल तें वाचकांनीं यावरून ताडावें.

हें सर्व ऐकून आमच्या गांवच्या एका होतकरू गृहस्थांनीं घरींच पेट्रोलनें अर्क काढण्याचा बेत केला होता. तो आम्हीं हातापायां पडून थांबविला. अशा द्रवांची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत दूरच्या चुलीपर्यंत जाते व तेथून ज्वाळा मागें भांड्यापर्यंत येते. तेलाच्या गिरण्यांत हेक्झेननें पेंडींतलें तेल शेंकडा एकाच्याही खालीं आणितात हें खरें, परंतु तेथें बंद यंत्रें असतात व हेक्झेन वाफेनें उडवून पुन्हा धरितात. मिथिल मद्यार्क पोटांत गेल्यास डोळे जातात. बेंझिन पूर्वीं प्रयोगशाळांत सर्रास वापरीत, परंतु त्यानें रक्ताचा कर्करोग होतो असें ठरल्यावर तें शक्यतों टाळतात. पेट्रोलमध्येंही तें थोडें असतेंच. तेव्हां घरीं द्रावक एकच, पाणी.

निंबोळ्या जून-जुलैंत वेंचून, गर धुवून, सावलींत वाळवाव्या; बुरशी धरलेल्या घेऊं नयेत. फवारणीच्या आदल्या रात्रीं ५ किलो चुरा १० लिटर थंड पाण्यांत भिजत घालावा. दुसरे दिवशीं फडक्यांतून गाळून, चोथा वरीलप्रमाणें पिळून, एकंदर १०० लिटर करावें. त्यांत २०० ग्रॅम साबणाचा चुरा अगदीं शेवटीं मिसळावा, कारण साबणांतही खार असतो. ऊन उतरल्यावर फवारावें व तयार अर्क दुसऱ्या दिवसावर ठेवूं नये. उरलेला चोथा आम्ही लिंबांच्या आळ्यांत घालतों.