संगणकाच्या पोटात – लेखांक ९ : खऱ्या मेमरीपर्यंतची वाट

मागच्या आठवड्यात आपण पेज टेबल पाहिलं. प्रोग्राम वापरतो तो पत्ता आभासी असतो. रॅममधली खरी जागा त्याला ठाऊक नसते. मेहकरच्या स्टँडवर उभ्या असलेल्या दोन एसटी गाड्यांत बारा नंबरचं सीट दोन्हीकडे असतं, प्रवासी मात्र वेगळे. तसाच एकच पत्ता दोन प्रोग्रामांना दोन निराळ्या जागी नेतो. ही जुळणी कर्नल लावून देतो, बहुधा ४०९६ बाइटच्या एकेका पानाने, आणि प्रोसेसरमधला एमएमयू दर वेळी ती तपासतो.

हा पहारा सगळीकडे होताच असं नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' उभा केला, तो इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटरांवर. प्रकल्पाचे प्रमुख विजय भटकर हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले. त्या ट्रान्सप्यूटरांत एमएमयू नव्हता. प्रोग्रामने दिलेला पत्ता थेट मेमरीवर जाई. एखाद्या चुकार पॉइंटरने शेजारच्या प्रोसेसचा डेटा पुसला, तरी अडवणारं कुणी नसे.

आता एमएमयूचा पहारा असतानाही खऱ्या पत्त्यापर्यंत कसं जायचं ते बघायला पैनगंगेकाठच्या मळ्यात येऊ. विहिरीवरची मोटार चालू-बंद करायला रास्पबेरी पाय ३ वापरायचा आहे, स्टार्टरचा रिले जीपीआयओ पिन १७ वर आहे. प्रोसेसरच्या लेखी ही पिन म्हणजेही मेमरीतले पत्तेच. चिपच्या माहितीपुस्तिकेत जीपीआयओचा पत्ता ७ई२००००० छापलाय, पण तो चिपच्या आतल्या बसचा. प्रोसेसरला तीच जागा ३एफ२००००० वर दिसते. पुष्कळ मुलं इथेच अडकतात. रूट होऊन '/डेव्ह/मेम' ही खरी मेमरी दाखवणारी फाइल उघडायची आणि त्या पत्त्यापासून एक पान एम-मॅपने मागायचं. पत्ता पानाच्या हद्दीवरच हवा, नाहीतर कर्नल सरळ नकार देतो. मिळालेल्या पानाच्या सुरुवातीपासून ४ बाइट पुढे जो ३२ बिटांचा रजिस्टर आहे, त्यातले २१ ते २३ हे बिट ००१ केले की पिन आउटपुट होते. मग २८ बाइटवरच्या रजिस्टरात बिट १७ लिहिला की पिन चढते, ४० वरच्यात लिहिला की उतरते. (बरेच रिले बोर्ड उलटे असतात, पिन उतरली की ओढतात. आधी मोटार न जोडता बघा.)

हे चालतं, पण मला पटत नाही. एका पिनेसाठी आपण सगळ्या हार्डवेअरची दारं उघडतो. पत्त्यातला एक आकडा चुकला की घाव एसडी कार्डाच्या कंट्रोलरवरही बसू शकतो. २००८ साली लिनक्समध्ये '/डेव्ह/मेम'मधून रॅमला हात लावू न देण्याची सोय आली ती उगाच नाही. २०१५ मध्ये रोहॅमर हल्ल्याचं प्रात्यक्षिक झालं. रॅमची एक ओळ पुन्हापुन्हा वाचून शेजारच्या ओळीतले बिट उलटवता येतात, हे त्यात दिसलं. त्यानंतर साध्या प्रोग्रामला खरे पत्ते दाखवणंही बंद झालं.

पायवर सगळी दारं उघडावी लागू नयेत म्हणून '/डेव्ह/जीपीआयओमेम' आहे. जीपीआयओपुरतीच मेमरी, रूटची गरज नाही. पण पत्त्यांवर विसंबलेला प्रोग्राम तरीही टिकत नाही. पाय ५ मध्ये या पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर, पीसीआयच्या पलीकडे गेल्या. वरचे सगळे आकडे तिथे निरुपयोगी. म्हणून पुढच्या आठवड्यात पत्ता न सांगता, नुसता पिनेचा नंबर देऊन कर्नलकडूनच हे काम करून घेऊ.